दाण्यातून काय गेले, तेलात काय आले

गेल्या हंगामात नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देण्याचा विधी आटोपून आम्ही धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या घरभेटीस गेलो होतो. चर्चमधून आणलेल्या लोंब्या त्यांनी आल्तारावरील क्रूसाशेजारी मोठ्या भक्तिभावाने खोचून ठेवल्या होत्या. प्रार्थना झाली, चहा झाला आणि घरच्या सूनबाईंनी आतून तांदळाची एक पिशवी आणून आमच्यापुढे ठेवली. "फादर, ह्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी पांढरा भात कमी करायला सांगितला, म्हणून हा बिनपॉलिशचा तांदूळ दुप्पट भावाने आणला. पण तो खरा आहे की नुसता रंगवलेला, हे ओळखायचे कसे?" कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई हसून म्हणाल्या, "आमच्या वेळी हा तांदूळ गरिबाचा होता. आता तो श्रीमंताचा झाला काय?"

प्रश्न दोन होते आणि दोन्ही मोलाचे होते. चांगले अन्न ताटात कसे आणावे, हा एक; आणि ते आणताना फसगत कशी टाळावी, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांना मोठा इतिहास आहे. तो लाखो माणसांच्या सुजलेल्या पायांनी आणि थकलेल्या काळजांनी लिहिला गेला आहे. म्हणून त्या दिवशी जे थोडक्यात सांगितले ते येथे वाचकांपुढे सविस्तर मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

भाताच्या दाण्याची रचना प्रथम ध्यानात घ्यावी. सर्वांत बाहेर असते ते तूस. ते माणसाच्या खाण्याच्या उपयोगाचे नाही. त्याच्या आत तांबूस रंगाचा पातळ कोंडा असतो आणि दाण्याच्या एका टोकाला, कोपऱ्यात, नव्या रोपाचा अंकुर दडलेला असतो. या दोहोंच्या आत असतो तो पांढरा भाग, म्हणजे मुख्यतः पिष्ट. उखळात भात सडले म्हणजे तूस निघे, कोंडाही काही प्रमाणात जाई. पण बराचसा कोंडा आणि अंकुराचा अंश दाण्याला चिकटून राही. आमच्या आजीच्या घरी ओटीच्या कोपऱ्यात असे उखळ होते. आमच्या आठवणीत त्याचे काम सणासुदीपुरतेच उरले होते, कारण तोवर गावोगाव भाताच्या गिरण्या आल्या होत्या आणि गिरणीतून मोत्यासारखा शुभ्र तांदूळ घरी येऊ लागला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या पोलादी गिरण्या आशियाभर पसरल्या. शुभ्र तांदूळ दिसायला सुंदर, शिजायला सोपा आणि साठवणीत टिकाऊ. कोंड्यात तेल असते. ते कालांतराने खवट होते. कोंडाच काढून टाकला की व्यापाऱ्याची ती चिंता मिटते. शिवाय शुभ्र भात हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. तांबडा भात, नाचणी, वरी ही गरिबाघरची अन्ने ठरली. त्याच सुमारास आशियाच्या बंदरांत, बराकींत आणि तुरुंगांत एका जुन्या रोगाने उग्र रूप धारण केले. पाय बधिर होत, चालताना लटपटत. काहींच्या अंगावर सूज चढे, हृदय मोठे होई आणि तरणाताठा माणूस काही दिवसांत दगावे. या रोगाचे नाव बेरीबेरी.

जपानच्या नौदलात या रोगाने कहर मांडला होता. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन परतलेले नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांच्या लक्षात आले की, साध्या खलाशांना हा रोग जितका होतो तितका अधिकाऱ्यांना होत नाही, आणि दोघांच्या राहणीत मुख्य फरक आहे तो जेवणाचा. १८८२ च्या अखेरीस 'रियूजो' नावाची शिकाऊ खलाशांची नौका न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिकेच्या सफरीवर निघाली. तिच्यावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ मरण पावले. ताकाकींनी सरकारकडे आग्रह धरला आणि १८८४ मध्ये 'त्सुकुबा' ही दुसरी नौका त्याच मार्गाने पाठवली. तिच्यावर भाताचे प्रमाण कमी करून मांस, कडधान्य, जव आणि दूध यांची जोड दिली होती. या सफरीत रोगाने एकही माणूस मेला नाही. पुढे नौदलात तांदळात जव मिसळण्याचा प्रघात पडला आणि तेथून हा रोग जवळजवळ हद्दपार झाला.

येथे एक गोष्ट नमूद करणे आम्हाला अगत्याचे वाटते. ताकाकींचे निदान अपुरे होते. जेवणात प्रथिने कमी पडतात म्हणून हा रोग होतो, असे त्यांना वाटे. खरे कारण वेगळे होते. पण डोळे उघडे ठेवून त्यांनी जे पाहिले ते खरे होते. उलट जपानच्या भूदलातील वरिष्ठ डॉक्टर जर्मनीत शिकलेले, जंतुशास्त्रात निष्णात होते. सुप्रसिद्ध साहित्यिक मोरी ओगाई हे त्यांच्यापैकीच एक. हा रोग जंतूंपासून होत असला पाहिजे, आहाराचा त्याच्याशी संबंध नाही, या मतापासून ते हटले नाहीत. खेड्यांतून भरती झालेल्या गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना सैन्यात पोटभर शुभ्र भात मिळे आणि तो त्यांना मेजवानीसारखा वाटे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात भूदलाचे सुमारे २७,००० सैनिक शत्रूच्या गोळीने नव्हे, तर बेरीबेरीने मेले. विद्वत्तेचा अभिमान किती महाग पडतो याचे हे उदाहरण आम्हा उपदेशकांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रोगाचे खरे मूळ सापडले ते जावा बेटावर, आणि तेही कोंबड्यांच्या कृपेने. तेव्हा जावावर डच लोकांची सत्ता होती. बटाव्हिया येथील लष्करी रुग्णालयाला लागून असलेल्या प्रयोगशाळेत ख्रिस्तियान आइकमन हे डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होते. १८८९ मध्ये त्यांच्या कोंबड्या एकाएकी लटपटू लागल्या, त्यांच्या माना वळू लागल्या. काही महिन्यांनी त्या तशाच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशी करता उलगडा झाला तो असा : मधल्या काळात कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उरलेला शुभ्र तांदळाचा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात नागरी कोंबड्यांना घालणे त्याला नियमबाह्य वाटले आणि त्याने तो बंद केला. त्या नियमनिष्ठ आचाऱ्याचे नाव इतिहासाने नोंदवले नाही. पण वैद्यकशास्त्रावर त्याचे उपकार आहेत.

आइकमन यांचे सहकारी, आरोग्य खात्याचे निरीक्षक व्होर्डरमन यांनी मग जावाच्या शंभरावर तुरुंगांची पाहणी केली. कोणत्या तुरुंगात कोणता तांदूळ शिजतो आणि तेथे किती कैदी आजारी पडतात, याचा त्यांनी हिशेब मांडला. जेथे पूर्ण सडलेला शुभ्र तांदूळ होता तेथे दर ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी झाला होता. जेथे दोन्ही तांदूळ मिसळलेले होते तेथे ४१६ मागे एकाला. आणि जेथे कोंड्यासह तांदूळ होता तेथे दहा हजारांमागे एकाला. इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, यांनी फारसा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो कोंड्याने.

आइकमन यांची समजूत अशी होती की, भातातील पिष्टात काही विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा असावा. त्यांच्या जागी आलेल्या खेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये अधिक सरळ गोष्ट सांगितली : विष वगैरे काही नाही, शरीराला हवे असलेले काहीतरी अन्नातून काढून टाकले गेले आहे. तेच द्रव्य मुगातही आहे, हे त्यांना आढळले. पुढे तेथील मनोरुग्णालयात रोजच्या जेवणात मूग देऊन हा रोग टाळता आला. आपल्या घरी आजाऱ्याला मुगाचे कढण देतात, मुगाची खिचडी करतात, त्या साध्या शहाणपणाला प्रयोगशाळेने दिलेली ही पावतीच म्हणावी लागेल. आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मधल्या काळात आपल्या देशातील एका जुन्या रीतीने शास्त्रज्ञांना चकित केले. मलायात कामाला गेलेले चिनी मजूर बेरीबेरीने बेजार होत. पण त्यांच्याच शेजारी राबणाऱ्या तमिळ मजुरांना हा रोग क्वचितच होई. चिनी मजुरांचा तांदूळ शुभ्र होता. तमिळ मजूर उकडा तांदूळ खात. १९०५ साली क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचर यांनी रुग्णांचे दोन गट करून एकास शुभ्र आणि दुसऱ्यास उकडा तांदूळ दिला. पहिल्या गटात अनेकांना रोग जडला आणि काही दगावले. दुसऱ्या गटात या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. भात तुसासकट भिजवून उकडले म्हणजे कोंड्यातील द्रव्य आतील पांढऱ्या भागात मुरते आणि मग गिरणीत कोंडा गेला तरी ते बरेचसे दाण्यातच राहते. गोव्यात आणि तळकोकणात उकड्या तांदळाची पेज पिऊन शेतावर जाणाऱ्या आपल्या बांधवांना यातले शास्त्र ठाऊक नव्हते. पण त्याचा लाभ त्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत होता. निलगिरीतील कुन्नूर येथे पुढे राष्ट्रीय पोषण संस्थेची पूर्वज असलेली प्रयोगशाळा होती. मद्रास इलाख्यात उकडा तांदूळ खाणाऱ्या भागात बेरीबेरी नाही आणि आंध्रच्या किनाऱ्यावर गिरणीचा कच्चा तांदूळ खाणाऱ्यांत तो आहे, हे तिच्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

कोंड्यातील ते द्रव्य म्हणजे थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व. ते प्रयोगशाळेत प्रथम तयार करणारे रॉबर्ट विल्यम्स यांचा जन्म आपल्याच देशातला, नेल्लोरचा. त्यांचे आईवडील तेथे बॅप्टिस्ट मिशनरी होते. फिलिपिन्समध्ये नोकरीस असताना, बेरीबेरीने अत्यवस्थ झालेली तान्ही मुले कोंड्याच्या अर्काने सावरताना त्यांनी पाहिली आणि पुढील पाव शतक त्या एका द्रव्याचा पाठपुरावा केला. १९३६ साली त्यांना यश आले. त्या शोधाच्या स्वामित्वहक्काचे उत्पन्न त्यांनी कुपोषणाच्या निवारणासाठी निधी स्थापून त्यात घातले.

आपल्या महाराष्ट्रातही याच सुमारास एक प्रयत्न झाला. १९३४ च्या अखेरीस गांधीजींनी वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याची धुरा वाहिली ती जे. सी. कुमारप्पा या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाने. हातसडीचा तांदूळ हा त्या चळवळीचा एक प्रमुख विषय होता. गिरणी दाण्यातून कोंडा काढते आणि खेड्यातील हातांतून काम काढते, असा त्यांचा दुहेरी आक्षेप होता. तो खराच होता. तथापि मुसळाचे ओझे कोणाच्या खांद्यावर होते, हेही आपण विसरू नये. पहाटे उठून घरची बाई भात सडत असे. त्या कष्टांतून गिरणीने तिची सुटका केली आणि ते दिवस परत यावेत असे आम्ही म्हणणार नाही. तूस काढणारे यंत्र वेगळे आणि पॉलिश करणारे यंत्र वेगळे असते. तेव्हा गिरणी बंद करण्याचे कारण नाही. 'पॉलिश करू नका' किंवा 'एकच हात द्या' एवढे गिरणीवाल्याला सांगितले तरी पुरे.

इथवर दाण्यातून जे गेले त्याची कथा झाली. आता तेलात जे आले त्याची.

१८७७ साली कोलकात्यात एका रोगाची साथ आली. पायांवर सूज, धाप, हृदयाचा अशक्तपणा. लक्षणे थेट बेरीबेरीची. साहजिकच डॉक्टरांचा संशय तांदळावर गेला आणि तो पुढे अनेक वर्षे राहिला. बंगालात अधूनमधून अशा साथी येत राहिल्या. अखेर १९२० आणि १९३० च्या दशकांतील संशोधनाने गुन्हेगार सापडला. तो तांदूळ नव्हता. ते होते मोहरीचे तेल. पिवळा धोत्रा नावाचे काटेरी झुडूप आपल्याकडेही पडीक जमिनीत उगवते. त्याचे बी काळसर, गोल, थेट मोहरीसारखे. ते मोहरीत मिसळले गेले की तेलात विष उतरते. लाल आणि रॉय यांनी १९३७ मध्ये हा संबंध सिद्ध केला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. सूज तीच, धाप तीच, मृत्यूही तसाच. पण एका रोगात अन्नातून काहीतरी काढले गेले होते आणि दुसऱ्यात अन्नात काहीतरी मिसळले गेले होते. एकाचा उपाय ताटात भर घालणे, दुसऱ्याचा उपाय दुकानावर नजर ठेवणे. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. कितीही कोंडा खाल्ला तरी विषारी तेलाने आलेली सूज उतरणार नाही.

हे जुने झाले असे कोणी समजू नये. १९५४ साली आपल्याकडे अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. तरीही १९९८ च्या पावसाळ्यात राजधानी दिल्लीत याच पिवळ्या धोत्र्याच्या तेलाने हजारो लोक आजारी पडले आणि साठांहून अधिक मेले. त्यात गरीब वस्त्यांतील, सुटे तेल विकत घेणारी माणसे पुष्कळ होती. २००६ च्या कायद्याने अन्नसुरक्षेची नवी यंत्रणा उभी राहिली. पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो तो तिचाच. पण कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. स्वयंपाकघराच्या दारापासून पुढची जबाबदारी आपली.

बेरीबेरीही पुरता गेलेला नाही. अलीकडच्या काळात काश्मीरमधील डॉक्टरांनी केवळ अंगावर पिणारी तान्ही बाळे एकाएकी अत्यवस्थ होऊन आल्याचे आणि थायमिन देताच सावरल्याचे नोंदवले आहे. त्यांच्या माता शुभ्र तांदूळ पुनःपुन्हा धुऊन, शिजवलेले पाणी ओतून देऊन खात. शिवाय बाळंतपणानंतर पथ्य म्हणून डाळी-भाज्या वर्ज्य करीत. आईच्या दुधात जे नाही ते बाळाला कोठून मिळणार? आमच्या काही घरांतूनही बाळंतिणीला 'वातूळ' म्हणून डाळ नको, 'थंड' म्हणून भाजी नको, अशी बंधने आजही ऐकू येतात. आजीबाईंच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. परंतु पथ्याच्या नावाखाली ताट रिकामे होत असेल, तर ते पथ्य डॉक्टरांना विचारल्याखेरीज पाळू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आता त्या सूनबाईंच्या प्रश्नाकडे वळू. बिनपॉलिशचा तांदूळ खरा की खोटा, हे दाण्याच्या टोकाकडे पाहिल्यास बरेचसे कळते. दहा-बारा दाणे तळहातावर घ्यावेत. कोपऱ्यात अंकुराचा बारीक ठिपका शाबूत असेल, तर तांदळाला पॉलिशचा हात फारसा लागलेला नाही. तेथे खाच पडलेली असेल, तर रंग कोणताही असो, अंकुर गेला आणि त्याबरोबर बरेच काही गेले. नंतर वास घ्यावा. जुन्या तेलासारखा खवट वास आला तर तो तांदूळ परत करावा. हा तांदूळ वर्षाचा भरू नये. महिन्या-दीड महिन्यापुरता आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. ओल लागलेले, बुरशी आलेले धान्य ऊन देऊन खाण्याचा मोह टाळावा, कारण बुरशीचे विष उन्हाने जात नाही.

धान्य कोठले, हेही विचारावे. दाण्याच्या बाहेरील थरात जसे चांगले साठते तसे जमिनीतील वाईटही साठते. बंगालच्या ज्या भागांत पाण्यात आर्सेनिक आहे, तेथील तांदळाच्या कोंड्यात ते अधिक सापडते. म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याचे धान्य, ओळखीची गिरणी आणि पावती देणारे दुकान या तीन गोष्टी सोन्यासारख्या आहेत. आमच्या धर्मग्रामात अजून काही कुटुंबे भात पिकवतात. चार घरांनी मिळून त्यांच्याकडून भात घेतले आणि हवे तसे सडून आणले, तर दुप्पट भाव देण्याची गरज उरणार नाही आणि शेतकऱ्यालाही दोन पैसे मिळतील.

रेशनच्या तांदळाविषयीही एक शब्द. विल्यम्स यांच्या प्रेरणेने १९४८ मध्ये फिलिपिन्सच्या बाटान प्रांतात जीवनसत्त्वयुक्त तांदूळ वाटला गेला आणि तेथील बेरीबेरीचे मृत्यू झपाट्याने घटले. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व यांनी युक्त तांदूळ रेशनवर देण्याची घोषणा केली. शंभर दाण्यांत एखादा दाणा या प्रमाणात ते मिसळलेले असतात. हे दाणे तांदळाच्याच पिठाचे. पण जरा वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. ते पाहून 'प्लास्टिकचा तांदूळ आला' अशी आवई उठली आणि काही घरांनी ते निवडून फेकून दिले. ज्या घराला त्यांची सर्वाधिक गरज तेच घर ते फेकून देते, याचे आम्हाला वाईट वाटते. भेसळीची भीती योग्यच आहे. पण भीतीलाही माहितीची जोड हवी.

शेवटी, सगळा पांढरा भात आजच्या आज टाकून द्या, असे आमचे सांगणे नाही. लहान मुले आणि वृद्ध यांना कोंड्याचा भात एकदम मानवत नाही. आधी अर्धा-अर्धा मिसळावा. आठवड्यातून दोन दिवस नाचणीची भाकरी करावी. ताटात मूग, तूर, शेंगदाणे असावेत, कारण जे कोंड्यात आहे ते त्यांतही आहे. तांदूळ एक-दोनदाच धुवावा. पेज ओतून देऊ नये. साखरेच्या आजारात मात्र कोणत्याही तांदळाचे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. तांबडा भातही अखेर भातच आहे.

परवा पुन्हा त्या घरी जाणे झाले. सासूबाई ओटीवर सूप घेऊन बसल्या होत्या आणि नातवाला दाण्याच्या टोकावरचा तो ठिपका दाखवीत होत्या. आल्तारावरच्या लोंब्या आता वाळल्या होत्या. पण त्यांतला दाणा अजून तुसासकट, कोंड्यासकट, अंकुरासकट पुरा होता. रोजची भाकर मागताना आपण मागतो ती अशा पुऱ्या दाण्याची, ही जाणीव प्रत्येक घरात रुजावी, एवढीच आमची इच्छा आहे.